सोफा राहू द्या, आधी दिवे बदला

पत्र असं आहे: "आमचं एक जुनं, लहान घर आहे. बैठकीची खोली, झोपायची खोली, छोटं स्वयंपाकघर आणि बाथरूम. दोन वर्षांपासून सुट्टीवर येणाऱ्या लोकांना आम्ही ते चार-आठ दिवसांसाठी देतो. मी स्वतः झाडून-पुसून लखलखीत ठेवते. तरी अभिप्राय एकाच साच्यातले येतात. 'स्वच्छ आहे, पण वसतिगृहात राहिल्यासारखं वाटलं.' परवा एकांनी 'उदास' हा शब्द लिहिला आणि मला रात्रभर झोप आली नाही. हाताशी साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम आहे. यजमान म्हणतात, तपकिरी सोफा काढून नवा घेऊ. भाचा म्हणतो, चिकटवायचा वॉलपेपर लावू. एका डेकोरेटरने फॉल्स सीलिंग सांगितलं. नेमकं काय करू? पलंगाच्या एका बाजूला स्टुलालाही जागा नाही. बाथरूमला नवीन टाइल्स लावू का? आणि दारासमोरच्या भिंतीवर 'सुस्वागतम्' अशी लाकडी अक्षरं लावू का? फोटो जोडले आहेत. — उंबरठ्यावर उभी असलेली एक"

ताई,

'उदास' या शब्दाने तुमची झोप उडाली, हे मी समजू शकते. ज्या घराची फरशी आपण गुडघ्यावर बसून पुसतो, त्याबद्दल कुणी परकं माणूस असं लिहून जातं तेव्हा ते लागतंच. पण तो शब्द लिहिणाऱ्याने तुम्हाला एक खरी खूण दिली आहे. फोटो मी तीन-तीनदा पाहिले. तुमच्या घरात घाण नाही, अडगळ नाही आणि सोफ्यातही विशेष दोष नाही. उदासी छतावरून येते आहे. प्रत्येक खोलीच्या मधोमध एकच पांढरीफटक ट्यूब आणि तिच्याखाली सगळं सपाट. फॉल्स सीलिंगचा विचार आजच सोडा. तुमची सगळी रक्कम त्यातच जाईल, वर छत खाली येईल ते वेगळंच.

पैसे काढण्याआधी एक काम करा. दोन बुकिंगच्या मधली एक मोकळी रात्र धरा, बॅग भरा आणि आपल्याच घरात पाहुण्या म्हणून राहायला जा. घरून काही विसरलं तरी परत येऊन न्यायचं नाही. संध्याकाळी पोहोचा. बॅग कुठे ठेवता, ओला टॉवेल कुठे टाकता, चष्मा कुठे काढून ठेवता, फोन कुठे लावता, हे सगळं एका कागदावर लिहीत जा.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे. मी घर द्यायला लागले तेव्हा पहिल्या वर्षी बैठकीच्या खोलीवर बराच खर्च केला होता. तरी झोपायच्या खोलीबद्दल कुरकुर थांबेना, आणि नेमकं काय खुपतं ते कुणी लिहीत नव्हतं. शेवटी एका रात्री मी तिथे झोपायला गेले. दिव्याचं बटण दाराशी. बटण बंद केलं आणि काळोखात पलंगाकडे निघाले. पाच पावलं. पाचव्या पावलाला पलंगाचा कोपरा नडगीवर बसला. पडल्यापडल्या वाचावं म्हटलं तर दिवा नाही, पाण्याचा पेला ठेवायला जागा नाही, फोनची वायर उशीपर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन साधे टेबल लॅम्प, दोन छोटी स्टुलं आणि एक चांगल्या प्रतीचा एक्स्टेंशन बोर्ड आणला. पुढच्या महिन्यापासून त्या खोलीबद्दलची तक्रार बंद झाली. बैठकीतल्या महागड्या वस्तूंचा उल्लेख मात्र आजवर कुणी केलेला नाही.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. पाहुण्याचं अंग जिथे टेकतं, हात जिथे जातो आणि रात्री डोळे जिथे लागतात, तिथे आधी पैसा. बाकीचं नंतर.

म्हणून सुरुवात दिव्यांपासून. एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. तुमची ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची आहे, म्हणजे निळसर पांढरी. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे दिवे हवेत, पिवळसर ऊब असलेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ४००० पर्यंत चालेल. मात्र एका जागी बसून जेवढे दिवे दिसतात तेवढे सगळे एकाच आकड्याचे असू द्या. एक पिवळा आणि एक निळसर शेजारीशेजारी आले की खोली आजारी दिसते. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा. ८० असला तर काम भागतं, ९० च्या वर मिळाला तर लाकूड, कापड, माणसाची त्वचा सगळं जिवंत दिसतं. उजेडाचं माप ल्युमेनमध्ये असतं. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण ८०० ल्युमेन होता आणि आठ-नऊ वॉटचा एलईडी तेवढा देतो.

बैठकीतली मधली ट्यूब काढू नका, झाडलोट करताना ती लागेल. पण पाहुण्यासाठी तीन दिवे वेगळे ठेवा. एक उभा लॅम्प सोफ्याच्या बाजूला, एक समोरच्या कोपऱ्यात टेबलावर, एक खालच्या उंचीवर, म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर किंवा फळीवर. उजेड तीन ठिकाणांहून आणि तीन उंचीवरून आला की भिंतींना उठाव येतो. वायरमनचीही गरज नाही, तिन्ही प्लगवर चालतात. वायर भिंतीच्या कडेने क्लिपा मारून न्या. वाटेत आडवी सोडली तर कुणीतरी अडखळणारच. झोपायच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा. तुम्ही लिहिलंय की एका बाजूला स्टुलाला जागा नाही. तिथे भिंतीवर अडकवायचा, प्लगवर चालणारा दिवा घ्या. उंची ठरवायची तर पलंगावर टेकून बसा. शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला आली की बल्ब डोळ्यांत जात नाही आणि पुस्तकावर उजेड पडतो. बटण मात्र आडवं पडल्यावर हाताला लागलं पाहिजे. दिवा विकत घेताना बटण वायरीवर कुठे आहे ते बघून घ्या, कारण बऱ्याच दिव्यांचं बटण अगदी प्लगजवळ, म्हणजे पलंगामागे जातं.

आता पलंग. इथे हात आखडू नका असं मी आग्रहाने सांगेन, कारण माणूस सुट्टीवर आला तरी रोज सहा-आठ तास त्या गादीवर काढतो. आधी स्वतः झोपून बघा, दोन्ही बाजूंना आणि मध्येही. मध्ये खळगा असेल तर गादी बदलायलाच हवी, वर काहीही घातलं तरी खळगा राहतोच. नुसती कडक वाटत असेल तर पाचेक सेंटिमीटरचा टॉपर, म्हणजे गादीवर घालायचा मऊ थर, पुरतो. गादीला पाणी न झिरपणारं पण हवा खेळणारं कव्हर हवंच, आणि उशांनाही. ती दोन कव्हरं नसतील तर चांगल्या चादरींचा पैसा वाया जातो.

तुमच्या फोटोत फुलाफुलांच्या चादरी आहेत. सुंदर आहेत, तुमच्या घरी वापरा. भाड्याच्या घरात पांढरं घ्या. त्याचं कारण धुलाईत आहे. एक अभ्रा फाटला तर दुसरा कुठलाही पांढरा त्याला जुळतो, आणि डाग काढताना रंग जाईल ही भीती नसते. कापड घेताना चौरस इंचातल्या धाग्यांच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. २०० ते ४०० धाग्यांची सुती चादर उत्तम असते. त्याहून फार वरचे आकडे अनेकदा पीळ घातलेल्या धाग्यातला एकेक पदर सुटा मोजून वाढवलेले असतात. पर्केल विणीची चादर अंगाला थंड आणि कुरकुरीत लागते, सॅटीन विणीची मऊ आणि चमकदार. इस्त्रीला वेळ नसेल तर थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं घ्या, लवकर वाळतं, पण काही महिन्यांत त्याला गोळे धरतात. प्रत्येक पलंगामागे तीन संच ठेवा, म्हणजे एक अंथरलेला, एक धुण्यात आणि एक कपाटात. दोनांवर भागवायला गेलात तर ज्या दिवशी चादर वाळणार नाही नेमक्या त्याच दिवशी दुपारी नवे पाहुणे दारात असतील.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. पांढऱ्या चादरीवर कधी कधी गंजासारखे नारिंगी डाग पडतात आणि धुतल्यावर जास्तच गडद होतात. सुट्टीवरची माणसं अंगाला सनस्क्रीन लावतात. त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये अ‍ॅव्होबेन्झोन नावाचं द्रव्य असतं आणि पाण्यातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की हा रंग येतो. अशा डागावर क्लोरीनचं ब्लीच चुकूनही टाकू नका, डाग पक्का होतो. आधी भांडी घासायच्या द्रवाने तेलकटपणा काढा, मग सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवा. मी हे कळण्याआधी चार चांगल्या चादरी फेकल्या.

टॉवेलच्या बाबतीत जाड म्हणजे चांगला हा समज सोडा. ४५० ते ५५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) टॉवेल अंगाला पुरेसा मऊ असतो आणि दुसऱ्या पाहुण्यापर्यंत वाळतोही. फार जाड टॉवेल ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास धरतो. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसला की टॉवेल पाणी टिपेनासा होतो. आणि दोन-तीन लहान, गडद रंगाचे रुमाल वेगळे ठेवा, मेकअप पुसायला. काजळ आणि लिपस्टिक पांढऱ्या टॉवेलवरून जाता जात नाही.

पलंगामागच्या भिंतीवर डोकं टेकून तेलकट पट्टा उमटला आहे, तो फोटोतही दिसतो. त्यासाठी लाकडी पाठ घ्यायची गरज नाही. जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटरपर्यंत त्या एका भिंतीला गडद, धुता येईल असा सॅटिन फिनिशचा, म्हणजे मंद चमकेचा, रंग द्या, मातकट हिरवा किंवा वीटकरी. कड सरळ यावी म्हणून रंगाऱ्याची चिकटपट्टी लावा, तिची कड बोटाने घट्ट दाबा आणि रंग पुरता वाळायच्या आतच ती तिरकी ओढत काढा. वाळल्यावर काढलीत तर पट्टीबरोबर रंगाचे टवके निघतात. एवढ्या एका कामाने पलंग भिंतीला जोडला जातो आणि खोलीला चेहरा येतो. हे काम तुम्ही आणि भाचा मिळून एका दिवसात कराल, आणि वॉलपेपर हुकल्याचं त्याला वाईट वाटणंही कमी होईल.

वॉलपेपरला माझा नकार का, तेही सांगते. बॅगांची चाकं आणि कोपरे जिथे घासतात तिथून तो सुटायला लागतो, बाथरूमजवळच्या वाफेने कडा उचलल्या जातात, आणि एकदा कड उचलली की कंटाळलेली बोटं ती आणखी सोलतात. काढताना जुना रंगही सोबत येतो. फारच हौस असेल तर उघड्या फळ्यांच्या मागच्या बाजूला लावा. तिथे हात पोहोचत नाही.

बाकीच्या भिंतींना उबदार पांढरा रंग पुरे. दारापासून आतल्या खोलीपर्यंतच्या बोळात मात्र साधा मॅट देऊ नका. बॅगांचे काळे ओरखडे त्यावरून पुसले जात नाहीत. सॅटिन ओल्या फडक्याने पुसता येतो. रंगाचं नाव आणि कोड एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा आणि उरलेला रंग हवाबंद बरणीत ठेवा. वर्षभर त्याचे ठिपके देत राहाल.

दारं आणि स्वयंपाकघराची कपाटं रंगवायच्या आधी थांबा. त्यावर जुना ऑइल पेंट असण्याची शक्यता आहे. फडक्यावर स्पिरिट घेऊन एका कोपऱ्यात चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो पाण्यातला आहे, न लागला तर तेलातला. तेलातला असेल तर पृष्ठभाग स्वच्छ करून, पॉलिश पेपर मारून, चांगलं प्रायमर देऊन मगच वर पाण्यातला रंग. मी एका घरी ही पायरी गाळली होती. दोन आठवड्यांत एका बॅगेचं चाक दाराला लागलं आणि रंग प्लास्टिकच्या कागदासारखा हातभर सोलून आला. संपूर्ण दार खरवडावं लागलं. आणि एक महत्त्वाचं. तुम्ही घर 'जुनं' लिहिलंय. कैक दशकांपूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. तशी शंका असेल तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, ती धूळ फुप्फुसात जाते आणि लहान मुलांना तर फार घातक. आधी तपासणी करून घ्या.

सोफ्याकडे येऊ. यजमानांना सांगा की सोफा राहू दे. त्याचा सांगाडा मजबूत दिसतो, बसकण तेवढी दबली आहे. आतला फोम बदला आणि विकत घेताना मऊ-कडक न विचारता घनता विचारा. घनमीटरला ३० किलोच्या खालचा फोम रोजच्या बसण्याने लवकर दबतो. वर काढून धुता येईल असं कव्हर घाला. रंग गव्हाळ किंवा राखाडी, अगदी पांढरा नको. मग सोफा भिंतीपासून थोडा पुढे ओढा. फोटोत सगळं सामान चारी भिंतींना चिकटून उभं आहे आणि मध्ये रिकामं मैदान आहे, म्हणून ते प्रतीक्षालयासारखं दिसतं. खुर्ची सोफ्याकडे तोंड करून थोडी तिरकी ठेवा. सोफा आणि टेबल यांत ४० ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे कप ठेवायला पुढे झुकलं की हात पुरतो. चालायच्या वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर मोकळे. याला काहीच खर्च नाही. रविवारी सकाळी दोघांनी मिळून करा.

गालिचा घेणार असाल तर मोठा घ्या, निदान सोफ्याचे पुढचे दोन पाय त्यावर येतील एवढा. तेवढा परवडत नसेल तर मुळीच घेऊ नका. खोलीच्या मधोमध पडलेला छोटा तुकडा खोलीला आणखी लहान करतो. खाली न घसरणारी जाळी घाला.

पडद्यांसाठी नवं कापड आणायच्या आधी रॉड सोडवा. आत्ता तो चौकटीवरच बसवलेला आहे. चौकटीच्या वर १० ते १५ सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना १५-२० सेंटिमीटर बाहेर न्या. पडदे बाजूला सारले की काच पूर्ण उघडी पडते आणि खिडकी मोठी वाटते. कापडाची एकूण रुंदी रॉडच्या दुप्पट धरा. तुमच्या पडद्यांना चुण्याच नाहीत, ताणलेल्या चादरीसारखे दिसतात. शेजारच्या खिडकीचे काढून याच खिडकीला जोडा, त्या खिडकीला नवे. झोपायच्या खोलीत मात्र मागे काळोख करणारं अस्तर शिवून घ्या, कारण सुट्टीवरच्या माणसाला सूर्याबरोबर उठायचं नसतं. दोरीच्या ब्लाइंड्स असतील तर काढून टाका. लोंबती दोरी लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते.

बाथरूममध्ये तुम्ही नवीन टाइल्सचं विचारलंय. टाइल्स चांगल्या आहेत. मळकी दिसते ती बेसिनच्या कडेची काळी पडलेली सिलिकॉनची रेघ आणि टाइल्समधल्या फटी. सिलिकॉनवर सिलिकॉन बसत नाही, म्हणून जुनं ब्लेडने पूर्ण खरवडा, जागा स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या, बुरशी न धरणाऱ्या सिलिकॉनची एकसंध रेघ ओढा, ओल्या बोटाने सारखी करा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका. म्हणजे हेही काम रिकाम्या दिवशीच. फटींत नवं ग्राउट भरा. मग हूक. तुमच्या बाथरूममध्ये तीन माणसांसाठी एक खुंटी आहे! माणशी दोन धरा, एक टॉवेलला आणि एक कपड्यांना. आरशाखाली एक अरुंद फळी, कारण सगळ्यांच्या बाटल्या आत्ता बेसिनच्या काठावर डुगडुगत असणार. आरशाचा दिवा डोक्यावरून येण्याऐवजी दोन्ही बाजूंनी आला तर डोळ्यांखाली सावली पडत नाही. ते काम वायरमनकडूनच करून घ्या, आणि दिवा ओलसर जागेसाठी बनवलेला असू द्या.

स्वयंपाकघरात फक्त कपाटांच्या मुठी बदला. जुन्या मुठीच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असेल. तेच माप मागितलंत तर नवी भोकं पाडावी लागत नाहीत. नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, पाण्याची धार सरळ होईल. ताटल्या आणि कप साध्या पांढऱ्या, कधीही सुटे मिळतील असे.

धुराचा अलार्म छतावर हवा, घरात गॅसवर चालणारं उपकरण असेल तर कार्बन मोनॉक्साइडचाही. उंच कपाट आणि मोठा आरसा भिंतीला पट्टीने जखडा. या खर्चात काटछाट करायची नाही.

भिंतीवरच्या चित्रांबद्दल थोडंच सांगते. सोफ्यावर लहान लहान सहा चौकटी लावण्यापेक्षा एक मोठी लावा, सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर, सोफ्यावर मात्र पाठीच्या १५-२० सेंटिमीटर वर चित्राची खालची कड. फोटो तुम्ही स्वतः काढलेले वापरा किंवा चांगलं विणलेलं कापड चौकटीत बसवा. इंटरनेटवरून कुणाचंही चित्र उतरवून छापू नका, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. तुमच्या लग्नाचा फोटो मात्र घरी न्या, ताई. पाहुण्याला त्या खोलीत आपण कुणाच्या तरी संसारात शिरलोय असं वाटतं.

पैशांची वाटणी अशी करा: निम्मी रक्कम गादीची कव्हरं, चादरी, टॉवेल आणि दिवे यांना. पाव भाग रंगाला. उरलेल्या पावात फोम, पडद्याचं अस्तर, हूक, मुठी, सिलिकॉन. गादीच बदलावी लागली तर रंगाचं काम पुढच्या हंगामावर ढकला, पलंगामागचा पट्टा तेवढा आत्ता करा.

सगळं झालं की फोटो नव्याने काढा, हे विसरू नका. २००९ साली एअरबीएनबी हे घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचं संकेतस्थळ अगदी नवं होतं आणि न्यूयॉर्कमध्ये फारशी बुकिंग होत नव्हती, तेव्हा संस्थापक स्वतः तिथे गेले, कॅमेरा भाड्याने घेतला आणि घरोघर जाऊन खोल्यांचे नीट फोटो काढले. कमाई वाढायला लागली ती त्यानंतर. तुमचे आत्ताचे फोटो रात्री, ट्यूबखाली, फोन डोक्याच्या उंचीवर धरून काढलेले आहेत. सकाळी पडदे पूर्ण उघडा, ट्यूब बंद ठेवा, फोन साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर, छातीजवळ सरळ धरा. भिंतीच्या उभ्या रेघा उभ्याच दिसल्या पाहिजेत. अतिरुंद लेन्सने खोली दुप्पट दाखवू नका. दार उघडल्यावर जो हिरमोड होतो तो अभिप्रायात उतरतो. पलंगाशेजारचा दिवा, बाथरूममधले हूक, टेबलाजवळचा प्लग यांचे जवळून फोटो टाका, येणारा माणूस तेच शोधत असतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की दारासमोरच्या भिंतीवर 'सुस्वागतम्' अशी लाकडी अक्षरं लावू का. नका लावू. त्या भिंतीवर अंगभर दिसेल असा आरसा लावा, आणि खिडकीच्या समोर न येता काटकोनात येऊ द्या, म्हणजे उजेड बोळात वळेल आणि डोळ्यांवर येणार नाही. आरशाशेजारी किल्लीला एक खुंटी, खाली बॅग ठेवायला एक ठेंगणं बाक. दार उघडून आत आलेल्या माणसाचे दोन्ही हात भरलेले असतात.